दम भरण्याचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यात नव्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे? चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा ही घाटावरची मंडळी. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद ही घाटाखालची. वऱ्हाडचे बालाघाट आणि पाईनघाट असे दोन भाग मोगलकाळापासून कागदोपत्री चालत आले आहेत, आणि कागद बदलले तरी बोलण्यातून ते गेलेले नाहीत. देऊळघाट हे बुलढाणा तालुक्यातले पैनगंगेकाठचे गाव, अर्थातच घाटावरचे. रेल्वेची मोठी वाट मात्र घाटाखालून, मलकापुरावरून जाते. तेव्हा देऊळघाटच्या माणसाला मुंबईची वा नागपूरची गाडी धरायची असेल, तर बुलढाण्यावरून राजूर घाट उतरणे आले आणि परतताना तोच घाट चढणे आले. या भागात वाहनाची परीक्षा सपाटीवर होत नाही, राजूर घाटात होते.

आमच्यातल्या एकाच्या देऊळघाटच्या घरी एक जुनी डिझेल मोटार आहे. तिच्या मीटरने तीन लाख किलोमीटरचा आकडा केव्हाच ओलांडला. घरातल्या थोरल्या काकांना दर पंधरवड्याला उपचारासाठी घाटाखाली न्यावे लागते, आणि परतीच्या चढावर ही मोटार दुसऱ्या गिअरवर येऊन काळा धूर ओकत जवळजवळ चालण्याच्या वेगाने सरकते. दोन वेळा तर ती अर्ध्या घाटात थांबली; मागे मालमोटारींची रांग, आत आजारी माणूस. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही. गावातल्या मिस्त्रीने बॉनेट उघडून कान लावला आणि निदान सांगितले, "दम नाही राह्यला भाऊ गाडीत. भंगारातला टर्बो आणून बसवू, मंग पाहा कशी चढते."

हे करावे की करू नये, असा साधा प्रश्न घरातून आमच्यापुढे आला. आम्ही साहित्याचे विद्यार्थी. आमच्यापुढे प्रश्न आला की आम्ही आधी शब्दाकडे जातो आणि मग इतिहासाकडे. या खेपेला ही सवय उपयोगी पडली, म्हणून हे टिपण.

मिस्त्रीने वापरलेला शब्द अचूक होता. मराठीत 'दम' या दोन अक्षरांवर भाषेने जेवढे ओझे लादले आहे तेवढे फार थोड्या शब्दांवर असेल. चढ चढताना दम लागतो, वाटेत बसून दम खातात, उतावळ्याला दम धर म्हणतात, पोराला दम देतात, कसलेल्या गड्याच्या अंगात दम असतो, आणि म्हाताऱ्याला दमा होतो. श्वास, ताकद, धीर आणि धाक हे सारे एकाच शब्दात. यांत 'दम भरणे' हा प्रयोग आम्हांला विशेष वाटतो. त्याचा रूढ अर्थ धमकावणे. पण शब्दशः घेतला तर टर्बो नावाचे यंत्र नेमके हेच करते. इंजिनाला स्वतःच्या बळावर जेवढी हवा ओढता येते त्याहून अधिक हवा ते त्याच्या छातीत बळेच कोंबते. आणि ज्याला दम भरला जातो त्याला तो सोसवतो का, हा प्रश्न दोन्ही अर्थांनी उरतोच.

इंजिन म्हणजे मुळात श्वासोच्छ्वास करणारे यंत्र. पिस्टन खाली येतो, हवा आत येते. पिस्टन वर जातो, हवा दाबली जाते. इंधन जळते, ताकद मिळते. जळका वायू बाहेर जातो. इंधन हवे तेवढे ओतता येते, पण जळायला हवा लागते, आणि हवा सिलिंडरच्या मापाबाहेर येत नाही. हवेवाचून ओतलेले इंधन म्हणजे काळा धूर. त्यातून उंचीचा जाच. शंभर मीटर वर गेले की हवा साधारण एक टक्क्याने विरळ होते. बुलढाणा समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांच्या आसपास आहे. म्हणजे घाटावरच्या इंजिनाच्या वाट्याला जन्मतःच पाच-सहा टक्के श्वास कमी. नव्या गाडीला हे जाणवत नाही. रिंगा झिजलेल्या गाडीला जाणवते.

बाहेर पडणारा जळका वायू मात्र फुकट जातो. इंधनातल्या एकूण उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे हवेत विरतो. हा वाया जाणारा निःश्वास कामाला लावावा, त्याच्या झोताने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवून त्याने ताजी हवा आत ढकलावी, ही कल्पना ज्याला सुचली तो आल्फ्रेड ब्यूखी. स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचा हा अभियंता. १९०५च्या नोव्हेंबरात त्याने पेटंट घेतले, तेव्हा त्याचे वय सव्वीस होते. कल्पना इतकी स्वच्छ आहे की कुठल्याही शाळकरी मुलाला फळ्यावर काढून दाखवता यावी : दोन पंखे, एक दांडा.

आणि तरीही ती चालायला वीस वर्षे लागली. टर्बोच्या इतिहासातला आम्हांला सर्वांत बोलका वाटणारा भाग हाच. १९०९ पासून ब्यूखी सुल्झर या मोठ्या कारखान्यात होता, साधने हाताशी होती. १९१५ मध्ये त्याने पहिले यंत्र उभे केले, ते टिकण्याजोगे ठरले नाही. कल्पनेत खोट नव्हती. लाल झालेल्या वायूत मिनिटाला हजारो फेरे घेणारे चक्र ज्या धातूचे करायचे तो धातू, ज्या तेलावर दांडा तरंगायचा ते तेल, वाढलेला दाब ज्या सिलिंडरांनी सोसायचा ते सिलिंडर, यांपैकी काहीच अजून कल्पनेच्या बरोबरीला आले नव्हते. १९२५च्या सुमारास ब्यूखीला खरे यश मिळाले ते जर्मनीच्या 'प्रॉयसेन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' या प्रवासी जहाजांवर. त्यांतल्या दहा सिलिंडरांच्या डिझेल इंजिनांची शक्ती १,७५० अश्वशक्तीवरून २,५०० वर गेली. जहाजच का, याचे उत्तर सोपे आहे. जहाजाचे इंजिन अवजड, संथ आणि जाड भिंतींचे असते. त्याला पाणी मुबलक, देखभालीला माणसे सतत उभी. उसना श्वास सोसेल असा देह पहिल्यांदा तिथे सापडला.

दरम्यान टर्बोला दुसरे एक काम मिळाले होते, आणि ते घाटावरच्या माणसाला चटकन कळेल असे आहे. पहिल्या महायुद्धात विमाने उंच जाऊ लागली तशी विरळ हवेत त्यांची इंजिने गळाठू लागली. फ्रान्समध्ये ऑग्यूस्त रातो यांनी या दिशेने प्रयोग केले; अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी. मॉस यांनी उंचीवरची परीक्षा घेण्यासाठी विमान वापरले नाही. १९१८ मध्ये त्यांनी बारा सिलिंडरांचे 'लिबर्टी' हे विमानाचे इंजिन मालमोटारीवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या शिखरावर चढवले. समुद्रसपाटीला सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३०च्या घरात आले. टर्बो जोडल्यावर त्याने ३५६ दिली. आकडे पाहावेत. डोंगराने जेवढे हिरावले होते तेवढे टर्बोने जवळपास परत दिले, फारसे वर काही नाही. पुढे टर्बो म्हणजे वेगाची चैन असा जो समज रूढ झाला, त्याच्या मुळाशी उणीव भरून काढण्याची ही साधी गरज होती, हे विसरले गेले.

धातूचा प्रश्न पुढेही राहिलाच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी विमानांच्या टर्बोची पाती ज्या कोबाल्टच्या मिश्रधातूची झाली, त्या व्हायटॅलियमचा शोध १९३०च्या दशकात दंतवैद्यांसाठी, तोंडात बसवायच्या सांगाड्यांसाठी लागला होता. म्हाताऱ्याच्या कवळीचा धातू बॉम्बफेक्या विमानाच्या श्वासनलिकेत जाऊन बसला. अशा उसनवाऱ्या तंत्राच्या इतिहासात पानोपानी भेटतात. वाङ्मयाच्या इतिहासात भेटल्या की आपण त्यांवर प्रबंध लिहितो.

महाराष्ट्राचा या कथेत प्रवेश होतो तो एका शर्यतीतून आणि एका नियतकालिकातून. आधी शर्यत. १९५२ च्या इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत कमिन्स या अमेरिकी डिझेल कंपनीची एक मोटार उतरली होती. टर्बो बसवलेले, मूळचे मालमोटारीच्या घराण्याचे इंजिन. पात्रता-फेरीत तिने सर्वांत वेगवान ठरून पहिली जागा पटकावली. डिझेलची चेष्टा करणाऱ्यांची तोंडे बंद झाली. प्रत्यक्ष शर्यतीत ७१ फेऱ्यांनंतर ती बाहेर पडली. कारण ऐकण्यासारखे आहे : टर्बोची हवा ओढण्याची वाट रस्त्यावरच्या टायरांच्या रबराच्या कचऱ्याने बुजून गेली. साऱ्या जगाला दम दाखवणारे यंत्र दमा होऊन थांबले.

दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, याच कमिन्सशी भागीदारी करून पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर-कमिन्सचा कारखाना उभा राहिला. किर्लोस्करांचे नाव आले की आमच्या वाचकांना इंजिनाआधी मासिक आठवेल, आणि ते रास्तच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली; लोखंडी नांगर, उसाचे चरक यांनी तिचे नाव शेतकऱ्यांत गेले. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याच्या मालाची नि माणसांची बातमी देणारी 'किर्लोस्कर खबर' काढली, आणि तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, त्याच्या जोडीला 'स्त्री' आणि 'मनोहर' आली. मराठी मध्यमवर्गाच्या वैचारिक घडणीतला एवढा मोठा भाग नांगराच्या फाळाच्या जाहिरातीतून उगवला, हे आपण अभ्यासक्रमात सांगतो. पण त्याच घराने १९४६ मध्ये खडकीला तेलइंजिनांचा कारखाना काढला आणि विहिरीवरच्या मोटेची जागा फटफट करणाऱ्या इंजिनाने घेतली, हे त्याच धड्यात सांगत नाही. वास्तविक खेड्यातल्या वाचकाने 'किर्लोस्कर' हे नाव छापील पानावर वाचले त्याच सुमारास ते ओतीव अक्षरांत विहिरीच्या काठावरही वाचले. खेड्यातला मिस्त्री जन्मला तो या काठावर. नोझल साफ करणे, रिंगा बदलणे, पंपाचे टायमिंग बांधणे ही विद्या त्याने आधी पाण्याच्या इंजिनावर गिरवली आणि मग मोटारीवर चालवली.

आणि या विद्येचा आत्मा होता एकाचे काळीज दुसऱ्यात बसवणे. याला जुगाड म्हणून हिणवण्याची नागर रीत आहे. आम्हांला ती मान्य नाही, कारण बड्या कारखान्यांनीही तेच केले. महिंद्रांच्या जीपला डिझेल इंजिन हवे झाले तेव्हा इंटरनॅशनल बी-२७५ या ट्रॅक्टरच्या घराण्याचे २,३५० घनसेंटीमीटरचे इंजिन तिच्यात आले, पुढे प्यूजोच्या घराण्याचे आले. अॅम्बॅसॅडर, पद्मिनी या मूळच्या पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारी. पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावांत मोठी तफावत होती त्या दशकांत गावोगावच्या मिस्त्रींनी त्यांतले पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेलचे चढवले. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर मोडीत निघाली की तिच्या इंजिनाला लगेच नवे घर मिळे. भाडे मारणाऱ्या माणसाचा संसार या शस्त्रक्रियेवर चाले. तेव्हा देऊळघाटच्या मिस्त्रीचा सल्ला आकाशातून पडलेला नव्हता. त्याच्यामागे अर्ध्या शतकाची परंपरा होती, आणि परंपरेत जसे शहाणपण असते तशी तिची आंधळी जागाही असते.

टर्बो आपल्याकडच्या रस्त्यांवर रुळला तो १९९० नंतर. टेल्कोचे नेतृत्व दीर्घकाळ करणारे सुमंत मुळगावकर १९८९ मध्ये गेले. १९९४ मध्ये त्या कंपनीने जी गाडी आणली तिचे 'सुमो' हे नाव त्यांच्याच नावा-आडनावाच्या आद्याक्षरांवरून आले, हे मराठी माणसे आजही अभिमानाने सांगतात. सुमोचे डिझेल इंजिन १,९४८ घनसेंटीमीटरचे, टर्बोविना. १९९८ च्या सफारीत त्याच मापाचे इंजिन टर्बोसह आले आणि त्याची अश्वशक्ती सुमारे एक तृतीयांशाने वाढली. माप तेच, श्वास अधिक. अशा जोड्या बाजारात आल्या की मोडीत निघालेल्या थोरल्या भावाचा टर्बो काढून धाकट्याला बसवावा, हे कुणालाही सुचेल. कुर्ल्याच्या भंगारबाजारात, पुण्याच्या नाना पेठेत असा माल मिळतो. तिथून तो पोत्यात बांधून एस.टी.च्या टपावर चढतो आणि कुठल्याही घाटावर पोचतो.

पण टर्बो सर्वत्र पसरला त्यामागे ताकदीइतकेच धुराचेही कारण होते. आपल्याकडे डिझेलच्या धुरावर निर्बंध आले ते १९९२ पासून, १९९६ मध्ये ते कडक झाले, २००० मध्ये युरोपीय धर्तीचे झाले. भरपूर हवा मिळाली की इंधन पुरते जळते आणि काजळी घटते. म्हणून मालमोटारींपासून मोटारींपर्यंत टर्बो आवश्यक होत गेला. लोकांच्या मनात मात्र धूर राहिला नाही, शब्द राहिला. गाडीच्या पाठीवर चांदीच्या तिरप्या अक्षरांत 'टर्बो' आले आणि लवकरच ते ज्यांना टर्बोचा वाराही लागला नव्हता अशा रिक्षांच्या, कूलरांच्या नि पिठाच्या गिरण्यांच्या पाट्यांवर दिसू लागले. विशेषण आधी आणि वस्तू मागून, हा अनुभव मराठी समीक्षेला नवा नाही.

पेट्रोलच्या गाडीला हे सोंग डिझेलपेक्षा महाग पडते, हेही इतिहासाने आधीच सांगून ठेवले आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबील कंपनीने 'जेटफायर' नावाची टर्बोची मोटार आणली. जगातल्या पहिल्या दोन टर्बो-मोटारींपैकी ती एक. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण फार दाबले, तापले, की ठिणगीची वाट न पाहता स्वतःच भडकते. आपल्याकडे याला इंजिन खडखडते, नॉक करते म्हणतात. त्यावर उपाय म्हणून जेटफायरमध्ये पाणी आणि मेथेनॉल यांचे मिश्रण फवारणारी एक टाकी होती, आणि ती मालकाने वेळच्या वेळी भरायची होती. मालक विसरले. टाकी कोरडी पडली की गाडी आपला टर्बो आवरून धरी आणि मालक तक्रार घेऊन येई. पुढे कित्येकांनी टर्बो चक्क काढून टाकवला. डिझेलला हा धोका नाही, कारण त्यात नुसती हवाच दाबली जाते, इंधन मागून येते. म्हणूनच १९७८ मध्ये मर्सिडीजने टर्बो-डिझेल मोटार बाजारात आणल्यावर हे लग्न टिकले.

आता देऊळघाटच्या गाडीकडे परत येऊ. वर सांगितलेली सारी हकिगत वाचताना आम्हांला वारंवार जाणवत होते की ब्यूखीची ती वीस वर्षे त्या पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा उभी राहिली आहेत. टर्बो आठ हजारांना मिळत होता. हीच त्यातली सर्वांत स्वस्त वस्तू. तो ज्या देहात बसवायचा त्या देहाचे काय? मराठी समीक्षेत 'घाट' हा शब्द रूपबंध या अर्थाने चालतो. नवा आशय जुन्या घाटात मावेल का, हा तिथला प्रश्न. इथे तो अक्षरशः लोखंडाचा झाला होता.

टर्बोच्या दांड्याला स्वतःचे तेल नसते. मिनिटाला लाखभर फेरे घेणारा तो दांडा इंजिनाच्याच तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून इंजिनातून दाबाचे तेल त्याच्याकडे न्यावे लागते आणि तिथून ते केवळ उताराने, जाड नळीवाटे, खालच्या चेंबरमध्ये परत सोडावे लागते. तीन लाख किलोमीटर चाललेल्या इंजिनाची अडचण नेमकी इथे येते. तेलाचा पंप आणि बेअरिंगे झिजलेली, त्यामुळे गरम इंजिनात तेलाचा दाब अपुरा. दांडा कोरडा पडणार. रिंगा झिजल्याने जळता वायू पिस्टनच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरतो. मिस्त्रीच्या भाषेत, गाडी बॅक कॉम्प्रेशन मारते. खाली असा दाब साठला की टर्बोतून परतणाऱ्या तेलाची वाट अडते, आणि अडलेले तेल टर्बोच्या सांध्यांतून पाझरून हवेच्या वाटेने इंजिनात शिरते. डिझेल इंजिन तेलावरही चालते. तेव्हा ते कधी कधी किल्ली बंद केली तरी बंद होत नाही, स्वतःचेच रक्त पीत पिसाटते, आणि हवेची वाट बुजवली नाही तर फुटेपर्यंत पळते.

बाकीचा हिशेबही असाच. हवा वाढवली तर पंपातून डिझेल वाढवावे लागते, नाहीतर ताकद वाढत नाही. डिझेल वाढवले तर उष्णता वाढते. कारखाना जेव्हा एकाच मापाचे इंजिन टर्बोसह काढतो तेव्हा पिस्टन, हेडचे पॅकिंग, पंप, थंडाव्याची सोय यांचा पुन्हा विचार करतो. भंगारातून येतो तो नुसता टर्बो, त्यामागचा विचार पोत्यात येत नाही. जुन्या इंजिनावर दाब अर्ध्या बारच्या आत ठेवणे, निघणाऱ्या वायूचे तापमान दाखवणारे यंत्र आधी बसवणे आणि मग पंपाला हात लावणे, रेडिएटर साफ करून घेणे, चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटे मंद चालू ठेवणे, म्हणजे तापलेल्या टर्बोतले तेल जळून कोळसा होणार नाही : एवढी पथ्ये पाळली तर काम होते, असे जाणते मिस्त्री सांगतात. आम्ही त्यावर विश्वास ठेवतो. पथ्यांच्या यादीत टर्बोचा स्वतःचा उल्लेख किती थोडा आहे, एवढेच आमच्या लक्षात राहिले.

कायद्याचेही एक कलम आडवे येते. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ नमुन्याशी न जुळणारे फेरफार मान्य होणार नाहीत असा निर्वाळा दिला. मॅटाडोरचे काळीज अॅम्बॅसॅडरमध्ये बसवणाऱ्या पिढीला हे ऐकवले तर ती हसेल. पण पंधरा वर्षे पूर्ण झालेली एम.एच. २८ ची गाडी पुन्हा तपासणीला नेताना हसून भागत नाही.

शेवटी मिस्त्रीशी भांडण न करता एक गोष्ट ठरली : आधी मोजायचे. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन घेतले तेव्हा दोन ठीक निघाले, एक कमी आणि एक फारच कमी. गरम इंजिनात तेलाचा दाब काठावरचा होता. ब्रीदरच्या तोंडावर हात धरला तर तळवा तेलकट ओला झाला आणि धापेसारखे ठोके लागले. मिस्त्री स्वतःच म्हणाला, "याच्यावर टर्बो म्हंजे म्हाताऱ्याच्या पाठीवर पोतं." मग ज्या पैशात टर्बो, मॅनिफोल्ड, नळ्या आणि मजुरी बसवायची होती, त्यांत थोडी भर घालून हाफ इंजिनचे काम झाले : रिंगा, बेअरिंगे, व्हॉल्व्हची घासाई, चारही नोझल, पंपाची तपासणी, नवे एअर फिल्टर. जुने फिल्टर काढले तेव्हा त्यात पैनगंगेकाठची किती वर्षांची माती होती कोण जाणे. इंडियानापोलिसच्या त्या मोटारीची आठवण आम्हांला तिथेच झाली.

गाडी आता राजूर घाट चढते. फार दिमाखाने नाही. एका अवघड वळणावर अजूनही दुसरा गिअर टाकावा लागतो. पण काळा धूर गेला आणि वाटेत थांबणेही गेले. काका मागच्या सीटवर झोपून येतात.

टर्बो मात्र आधीच आणून झाला होता आणि भंगारवाला परत घेईना. तो शेडमध्ये फळीवर पोत्यात गुंडाळून ठेवला आहे. परवा काकांनी तो मागवला, मांडीवर घेतला आणि बोटाने चक्राला टिचकी मारली. ते कितीतरी वेळ फिरत राहिले, कसलाही आवाज न करता. "चांगला हाय," ते म्हणाले, "बेअरिंग शाबूत हाय," आणि पोते पुन्हा नीट बांधून ठेवायला सांगितले.